सेवेची किंमत नको, हिशेब हवा

(केडगाव, अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन. वक्ते औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झाले असून गेली काही वर्षे परिसरातील लहान संस्थांचे हिशेब विनामूल्य पाहतात.)



केडगावात राहणाऱ्या माणसाला सेवा म्हणजे काय, हे व्याख्यान देऊन सांगण्याची आवश्यकता नाही. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला पहाटेपासून रांगा लागतात. त्या रांगा सांभाळणारी, वृद्धांना हात देणारी, पाणी वाटणारी मुले आपल्याच घरांतली असतात. नऊ दिवस संपले की ही मुले घरी जातात. आपण एकूण किती तास उभे राहिलो, हे त्यांच्यापैकी एकानेही वहीत लिहून ठेवलेले नसते.

हीच मुले पुढे शिकतात आणि नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागतात. तेथे मात्र वर्षअखेरीस त्यांना एक तक्ता भरावा लागतो. या वर्षी समाजकार्यासाठी आपण किती तास दिले? कोणत्या उपक्रमात दिले? मग या तासांची बेरीज होते, तिला एका दराने गुणले जाते आणि कंपनीच्या अहवालात एक भलीमोठी रक्कम छापली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून घोषित केले आहे. त्या निमित्ताने असे आकडे आपल्यासमोर अधिकच येणार आहेत. म्हणून आजचा प्रश्न असा आहे, की सेवेचे मोल मोजावे का, आणि मोजायचे तर कोणत्या मापाने?

या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे तो एवढ्याचसाठी, की असा एक आकडा मी स्वतःच्या हाताने तयार केलेला आहे. आरंभी त्याचीच कबुली देतो.

एका भिंतीचा हिशेब

२०१५ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या कारखान्याने जवळच्या खेड्यातील एका शाळेत श्रमदानाचा कार्यक्रम ठरवला. शनिवारी सकाळी ६२ कर्मचारी बसने शाळेत पोहोचले. सर्वांच्या अंगात एकसारखे सदरे होते. शाळेच्या बाहेरच्या भिंती रंगवायच्या होत्या. दिवसभर उत्साहात काम झाले, छायाचित्रे निघाली, संध्याकाळी भाषणे झाली.

अहवालाचे काम माझ्याकडे आले. ६२ माणसे, प्रत्येकी ८ तास, म्हणजे ४९६ तास. कर्मचाऱ्यांच्या पगाराची तासाची सरासरी ३५० रुपये धरली. गुणाकार झाला १,७३,६०० रुपये. साहेबांनी तो आकडा पाहून समाधानाने मान हलवली. मलाही त्या वेळी त्यात वावगे काही वाटले नाही. गुणाकार चुकलेला नव्हता.

काही दिवसांनी रंगाचे बिल तपासण्यासाठी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक शांत स्वभावाचे गृहस्थ. चहा देता देता ते म्हणाले, "साहेब, राग मानू नका. त्या दिवशी मुलांची शाळा बुडाली. रविवारी आम्ही दोन शिक्षक आणि शिपाई मिळून फरशीवरचे रंगाचे डाग घासत बसलो. गावातल्या दोन रंगाऱ्यांनी हे काम चार दिवसांत केले असते. त्यांची मजुरी चार हजारांच्या वर गेली नसती. आणि मी आपल्या लोकांना आधीच सांगितले होते, की भिंतीचे राहू द्या, गच्ची गळते आहे ती पाहा."

पुढच्या पावसाळ्यात गच्ची पुन्हा गळली, भिंतीत ओल मुरली आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पोपडे सुटू लागले. माझ्या कागदावर १,७३,६०० रुपये होते. मुख्याध्यापकांच्या हिशेबात ते ४,००० होते. आणि वर्षभराने भिंतीवर पाहिले तर शून्याच्या आसपास होते. एकाच कामाची ही तीन मोले. यांतले खरे कोणते?

दराचे राजकारण

जगात हा प्रश्न अनेकांनी हाताळला आहे. अमेरिकेतील 'इंडिपेंडंट सेक्टर' ही संस्था दरवर्षी स्वयंसेवकाच्या एका तासाचे मोल जाहीर करते. २०२४ सालासाठी तिने ते ३४.७९ डॉलर ठरवले, म्हणजे आपल्या चलनात सुमारे तीन हजार रुपये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली स्वयंसेवेच्या मोजणीची पद्धत सांगणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा भर अशा विचारावर आहे, की हेच काम पैसे देऊन करून घ्यावे लागले असते, तर त्या कामासाठी बाजारात किती मजुरी पडली असती, ते पाहावे.

येथे दोन मार्ग फुटतात, हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. एक मार्ग देणाऱ्याच्या पगाराने मोजण्याचा. दुसरा, झालेल्या कामाच्या बाजारभावाने मोजण्याचा. अभियंत्याने भिंत रंगवली तर पहिल्या मार्गाने त्याचा तास अभियंत्याच्या दराने मांडला जातो आणि दुसऱ्या मार्गाने रंगाऱ्याच्या दराने. मी पहिला मार्ग धरला होता, म्हणून माझा आकडा फुगला. भारतात स्वयंसेवेच्या तासाचा सर्वमान्य असा दर नाही. त्यामुळे ज्याला जो सोयीचा वाटतो, तो मार्ग तो धरतो.

मात्र त्याच अभियंत्याने शाळेच्या गच्चीची पाहणी करून पाणी नेमके कोठून मुरते, हे दाखवून दिले असते, तर दोन्ही मार्गांनी आकडा सारखाच आला असता. कारण तेथे अभियंत्याचीच गरज होती. कौशल्याच्या या विनामूल्य सेवेला 'प्रो बोनो' असे लॅटिन नाव आहे. मूळ अर्थ 'लोकहितासाठी' असा. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, अभियंता यांनी आपली विद्याच समाजाला देणे, हा त्याचा आशय आहे. केंद्रीय विधी मंत्रालयाने २०१७ साली 'न्याय बंधू' ही योजना याच हेतूने सुरू केली. विनामूल्य काम करू इच्छिणारे वकील आणि गरजू पक्षकार यांची गाठ घालून देणे, हे तिचे काम. टाटा समूहाने २०१४ साली 'टाटा एंगेज' हा उपक्रम सुरू केला. त्यातील एका योजनेत कर्मचारी सहा महिने आपल्या फावल्या वेळात एखाद्या संस्थेचे ठरावीक काम अंगावर घेतो. एका दिवसाच्या सोहळ्याहून ही रीत निराळी आहे. सहा महिन्यांत माणसाला संस्थेची खरी अडचण कळते.

कायद्याने काय ठरवले

आता कायद्याकडे पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, अशी ही तरतूद. यालाच सर्वजण 'सीएसआर' म्हणतात.

यात कर्मचाऱ्यांच्या श्रमाची किंमत धरायची का? जून २०१४ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने जे परिपत्रक काढले, त्यानुसार स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, त्या कामापुरत्या वेळेचा पगार प्रकल्पखर्चात धरता येत होता. मी त्याच परिपत्रकावर विसंबून होतो. परंतु जानेवारी २०१६ मध्ये मंत्रालयाने खुलासा केला, की कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य सेवेचे पैशांत रूपांतर करून ती रक्कम सीएसआर खर्चात दाखवता येणार नाही. कर्मचाऱ्यांनी अशा कामात सहभागी व्हावे, त्यामुळे आस्था वाढते, असेही त्याच खुलाशात म्हटले होते. पुढे २०२१ च्या प्रश्नोत्तरांतही हीच भूमिका कायम राहिली.

लेखापरीक्षकांनी माझे १,७३,६०० रुपये लाल रेघेने कापले, तेव्हा मनातून मी थोडा खट्टू झालो होतो. आज मागे वळून पाहताना वाटते, की ती रेघ योग्यच होती. श्रमाची किंमत खर्चात धरू दिली असती, तर मोठ्या पगाराच्या माणसांनी एक दिवस झाडू मारायचा, त्याचे लाखो रुपये मांडायचे आणि तेवढी रोख रक्कम समाजाला द्यायची राहून जायची, असे घडू शकले असते. सेवेने दानाची जागा खाल्ली असती.

२०२१ च्या नियमांत आणखी एक तरतूद आली. ज्या कंपन्यांचे सीएसआरचे सरासरी दायित्व १० कोटी वा त्याहून अधिक आहे, त्यांनी १ कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यायचे. तपासणी कोणत्या प्रकल्पांची? जे पूर्ण होऊन किमान एक वर्ष लोटले आहे, त्यांची. हे एक वर्ष थांबणे मला फार महत्त्वाचे वाटते. काम झाले त्या संध्याकाळी कोणतीही भिंत सुंदरच दिसते.

मोजूच नये का?

येथे एक आक्षेप येतो आणि तो आपल्या मनाच्या फार जवळचा आहे. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग सेवेची मोजदाद करायचीच कशाला? मोजली की तिचे पुण्य उणे होते, असे अनेक ज्येष्ठांचे मत असते.

त्या मताविषयी पूर्ण आदर ठेवून मी दोन गोष्टी सांगू इच्छितो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगताना सात्त्विक दानासाठी परतफेडीची अपेक्षा नसावी, एवढेच सांगून भगवंत थांबलेले नाहीत. देश, काल आणि पात्र पाहून दान द्यावे, अशी अटही तेथे आहे. शाळेची गच्ची गळत असताना भिंत रंगवणे, म्हणजे देश-काल-पात्र न पाहणे होय. ते पाहायचे तर विचारावे लागते, तपासावे लागते, मोजावे लागते.

दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्याची. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. त्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो. काशी विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु एका लेखापालाला त्यांच्यातील आणखी एक गुण दिसतो. होळकरांकडे 'दौलत' आणि 'खासगी' अशी दोन स्वतंत्र खाती होती. राज्याचा महसूल वेगळा आणि खासगी उत्पन्न वेगळे. अहिल्यादेवींचा धर्मादाय प्रामुख्याने खासगीतून होत असे. शिवाय मंदिर बांधून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. पूजाअर्चेसाठी आणि देखभालीसाठी दरसालच्या नेमणुका त्यांनी लावून दिल्या. आपण किती कष्टलो, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. पैसा कोणत्या खात्यातला आणि बांधलेली वास्तू उद्या कोण सांभाळणार, हे मात्र चोख ठरवले. किंमत आणि हिशेब या दोन भिन्न गोष्टी आहेत, त्या अशा.

रक्ताची पिशवी

हाच भेद समजून घेण्यासाठी रक्तपेढीइतके चांगले उदाहरण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद झाली. दात्याच्या रक्ताला किंमत नाही. रुग्णाच्या नातलगांकडून जे शुल्क घेतले जाते, ते तपासणीचे आणि प्रक्रियेचे.

किंमत नाही म्हणून तेथे हिशेब नाही, असे आहे काय? उलट रक्तपेढीएवढा काटेकोर हिशेब दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो. प्रत्येक पिशवीला क्रमांक. साडेतीनशे की साडेचारशे मिलिलिटर, त्याची नोंद. गट कोणता, चाचण्या कोणत्या झाल्या, घटक कोणते वेगळे केले, कोणत्या रुग्णाला दिले, सारे लिहिलेले. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस, प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर. म्हणून जाणकार रक्तपेढी एकाच दिवशी पाचशे दाते आणण्याचा आग्रह धरत नाही. ती म्हणते, आज शंभर द्या, बाकीचे पुढच्या महिन्यांत विभागून द्या. कारण फलकावर पाचशेचा आकडा छान दिसेल, पण वापराअभावी पिशव्या मुदतबाह्य झाल्या तर दात्याचे दान वाया जाईल.

दात्याचा अर्धा तास गेला की एक तास, याच्याशी या नोंदवहीला काही कर्तव्य नाही. पिशवी कोणाच्या उपयोगी पडली, हे ती विचारते. स्वयंसेवेची नोंद अशीच हवी.

माती आणि पाणी

आता थोडे गावाबाहेर जाऊ. हिवरे बाजार आपल्या नगर तालुक्यातलेच. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाने स्वीकारलेली पंचसूत्री आपल्याला परिचित आहे. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी. त्यातील श्रमदानाने डोंगरउतारावर चर खोदले गेले, बांध पडले, झाडे लागली.

या जिल्ह्याला माती मोजण्याची कला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आधीच्या पिढीने खडी फोडली, माती उपसली. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. खोदलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजमाप पुस्तिकेत लिहायची आणि त्याप्रमाणे मजुरी द्यायची. मजुराला त्याच्या घामाचे दाम मिळालेच पाहिजे, तेथे माती मोजणे योग्यच होते.

हिवरे बाजारने मात्र श्रमदानाच्या मातीपाशी हिशेब थांबवला नाही. तेथे पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग उरेल ते पिकांचे. पाऊस कमी तर रब्बीचे क्षेत्र कमी. ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत आणि शेतीसाठी विंधनविहीर पाडायची नाही, हे गावाने स्वतःवर घातलेले बंधन. किती माणसांनी किती तास कुदळ मारली, ते सांगणारा फलक गावाला मोठे करत नाही. उन्हाळ्यात विहिरीला पाणी आहे, हीच त्या कुदळीची पावती.

पाणी फाउंडेशनने २०१६ ते २०१९ या काळात भरवलेल्या वॉटर कप स्पर्धेतही श्रमदानाचे काम आणि यंत्राचे काम वेगळे मोजून गावांना गुण दिले जात. १ मे २०१८ रोजी शहरांतून हजारो नोकरदार माणसे गावागावांत श्रमदानाला गेली. त्या एका दिवसात त्यांनी किती माती हलवली, याहून त्यांना पाण्याचे कष्ट कळले, हे मोल मोठे होते. मात्र ते मोल शहरातल्या माणसाच्या पदरात पडलेले होते. गावाला दिलेले म्हणून ते आपल्या खात्यात लिहू नये. सेवेत देणाऱ्यालाही पुष्कळ मिळते. ते मान्य करून वेगळे लिहावे, म्हणजे हिशेब खरा राहतो.

लोणीचे उदाहरण

कौशल्याच्या सेवेचे सर्वांत मोठे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातील शेतकरी एकत्र केले. त्यांच्याकडे जिद्द होती, ऊस होता. परंतु एवढा मोठा उद्योग सहकारी तत्त्वावर उभा करायचा, तर अर्थशास्त्र जाणणारा, सरकारदरबारी आणि बँकांकडे शब्दाला वजन असणारा माणूस हवा होता. तो माणूस पुण्यात होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. आपल्या संस्थेचा भार सांभाळून त्यांनी या कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे पहिले गाळप झाले. सुमारे दहा वर्षे ते अध्यक्षपदी राहिले. हेच गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

आता या सेवेचे मोल कसे काढाल? गाडगीळांच्या पुणे-लोणी प्रवासाचे तास मोजाल? त्यांच्या विद्वत्तेचा तासाचा दर ठरवाल? तो गुणाकार हास्यास्पद होईल. खरे मोल याच्यात आहे, की ज्या शेतकऱ्यांना ताळेबंद म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी तो वाचायला शिकून पुढे कारखान्याची सूत्रे स्वतः हाती घेतली. सहकारी साखर कारखानदारीत पुढे काय बरे-वाईट घडले, हा वेगळा विषय आहे. परंतु देणारा बाजूला झाल्यावर घेणारा आपल्या पायांवर उभा राहतो की नाही, ही कसोटी त्या उदाहरणाने घालून दिली.

चार रकान्यांची वही

केवळ तत्त्व सांगून मी आपला निरोप घेणार नाही. निवृत्तीनंतर ज्या लहान संस्थांचे हिशेब मी पाहतो, त्यांना मी एक साधी वही करायला सांगतो. तिला चार रकाने.

पहिल्या रकान्यात, कोण आले, किती वेळ दिला आणि कोणते काम केले. तास येथे जरूर लिहावेत, पण फक्त येथेच.

दुसऱ्या रकान्यात, त्यांच्यासाठी संस्थेचे काय खर्च झाले. चहा-नाश्ता, साहित्य, आपल्या कार्यकर्त्यांचा दिवस, बुडालेली शाळा. हा रकाना बहुतेक अहवालांत नसतो. पाहुणे स्वयंसेवक फुकट येतात, हा मोठाच गैरसमज आहे. यजमानाला त्यांची किंमत मोजावी लागते.

तिसऱ्या रकान्यात, हे काम विकत घेतले असते तर आपल्या गावच्या भावाने किती पडले असते. देणाऱ्याचा पगार येथे लिहायचा नाही. एखाद्या सनदी लेखापालाने आपल्या न्यासाची हिशेबतपासणी विनामूल्य केली, तर त्यांच्याकडून नेहमीच्या शुल्काचा आकडा विचारून घ्यावा आणि 'सेवा म्हणून दिले' अशी नोंद करावी. त्याने दोन गोष्टी साधतात. आपल्याला काय मिळाले, याची विश्वस्तांना जाणीव राहते. आणि उद्या ते गृहस्थ नसले तर अंदाजपत्रकात किती तरतूद लागेल, हेही कळते. या आकड्याची देणगी पावती मात्र फाडू नये. प्राप्तिकरातील देणगीची सवलत पैशाने दिलेल्या देणगीला आहे, श्रमाला नाही.

चौथा रकाना कोरा ठेवावा. तो वर्षाने भरायचा. काय टिकले? ते आता कोण सांभाळते? आपल्या माणसांना त्यातले काय करता येऊ लागले? आणि तो भरण्याचा अधिकार कंपनीच्या अधिकाऱ्याला नसावा. मुख्याध्यापकांना, परिचारिकेला, ग्रामसेवकाला, म्हणजे ज्याच्या दारी सेवा झाली, त्याला असावा.

संस्थाचालकांना माझी आणखी एक विनंती आहे. नको असलेल्या मदतीला नम्रपणे नाही म्हणायला शिकावे. पुढच्या वर्षीची देणगी जाईल, या भीतीने आपण भिंती रंगवून घेतो. ती भीती मला समजते. परंतु आपण आपली खरी गरज कागदावर लिहून आधीच दिली, तर पुष्कळ कंपन्यांतील समंजस माणसे ती ऐकतात. त्यांनाही गरज कोठे आहे, हे कोणी सांगितलेले नसते. आणि ज्या घरांतील मुले-मुली अशा कंपन्यांत आहेत, त्या आई-वडिलांनी तास किती झाले, हे मुलांना विचारू नये. पुन्हा गेला होतास का, एवढे विचारावे.

नोंदीबाहेरचा माणूस

शेवटी पुन्हा त्या शाळेकडे येतो. मुख्याध्यापक त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट बोलले होते. "तुमच्याच कारखान्यातला एक माणूस गेली दोन वर्षे दर महिन्याला एक रविवार येतो. तो आहे म्हणून आमच्या पाण्याची मोटर बंद पडत नाही."

मी चौकशी केली. देखभाल विभागातला एक फिटर. त्याच्या भाच्या त्या शाळेत शिकत होत्या. एकदा मोटर जळाली म्हणून मुलींना लांबून पाणी आणावे लागले, हे त्याला कळले आणि तो जाऊ लागला. महिन्याला दोन तास, म्हणजे वर्षाचे चोवीस. श्रमदानाच्या दिवशी तो पाळीवर होता, त्यामुळे भिंत रंगवणाऱ्या ६२ जणांत त्याचे नाव नव्हते. माझ्या अहवालातही नव्हते. सुटीच्या दिवशी, कंपनीच्या कार्यक्रमाबाहेर केलेल्या कामाला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मी त्याला भेटलो आणि म्हणालो, "तुझे तास लिहून दे, अहवालात घालतो." तो हसला. म्हणाला, "साहेब, आता माझे जाणे कमी झाले आहे. फूट व्हॉल्व्ह कसा साफ करायचा, स्टार्टर कसा पाहायचा, ते शिपाईमामांना शिकवले आहे. आता ते स्वतःच करतात. मग मी कशाचे तास लिहू?"

मित्रहो, तीस वर्षे आकड्यांत काढलेल्या मला त्या वाक्याने माझा धडा शिकवला. ज्याचे तास कमी होत गेले, त्याची सेवा वाढत गेली होती, आणि माझ्या तक्त्यात ते मावत नव्हते. त्या वर्षीचा अहवाल मी बदलू शकलो नाही. परंतु त्यानंतर कोणत्याही संस्थेचा हिशेब हाती घेतला, की चौथा रकाना मी आधी उघडतो. आपणही आपल्या मंडळात, आपल्या शाळेत, आपल्या कारखान्यात तो रकाना आखून घ्यावा आणि बरोबर एका वर्षाने, ज्याच्यासाठी काम केले त्याच्यासमोर बसून तो भरावा, एवढीच प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.